तीन लारीची तबकडी

लामाराच्या औषधांच्या दुकानात
मंगळवारी सकाळी पडदा काळा झाला.
कुताइसी शहर, फेब्रुवारी, रिओनी नदी गढूळ,
आणि पडद्यावर मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये एक ओळ:
तुमच्या फायली आमच्याकडे सुखरूप आहेत.

सुखरूप. हा शब्द तिने दोनदा वाचला.
इन्सुलिनच्या पेट्या किती, कुठली कधी बाद होणार,
उधारीवर गोळ्या नेणारे एकशे बारा म्हातारे,
सगळे सुखरूप,
एका अनोळखी कुलपात.

प्रोग्राम तिने विकत घेतलाच नव्हता.
गेलाने बसवून दिला होता.
(त्याचं नावच गेला. तिकडे ठेवतात.
आपल्याला हसू येतं, त्याला नाही.)
मोबदला: घरच्या वाइनची एक बाटली.
सोबतच्या चिठ्ठीत पहिलीच सूचना होती,
आधी अँटिव्हायरस बंद करा.
म्हणजे चोराने दारात उभं राहून सांगायचं,
कुत्रं जरा मागच्या अंगाला बांधा,
आणि आपण बांधायचं. वर त्याला चहा विचारायचा.

आठ महिने सुरळीत. फुकट ते पौष्टिक.

आता गंमत अशी, की तो प्रोग्राम लिहिणारा तामाझ
त्याच रस्त्यावर राहतो,
न्हाव्याच्या वर, चौथा मजला, लिफ्ट बंद.
वर्षाला नव्वद लारी घेतो.
शहरात एकेचाळीस दुकानं वापरतात,
पैसे अकरा देतात.
बाकीचे तीस त्याला नावानिशी ठाऊक आहेत.
लामाराकडून तो बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेतो,
काउंटरपलीकडे आपलाच निळा रंग बघतो,
सुटे मोजून देतो
आणि काही बोलत नाही.

ती जिना चढून वर आली,
धाप इतकी लागली की माफी मागायची राहून गेली.
किंवा धापेने वाचवलं.
तो म्हणाला, चला.

त्याच्यानेही ते उघडलं नाही.
घर त्याने बांधलेलं, कुलूप तिसऱ्याचं.
मग वही काढली. तिघं मिळून पेट्या मोजू लागले.
गेला मान खाली घालून तारखा मोठ्याने वाचत होता,
एका खोक्यापाशी अडखळला:
ही तर डिसेंबरातच संपलीय.

मशीनने सांगितलं कसं नाही?
तामाझ खुर्चीवर बसला.
परवाना तपासणारी ओळ आणि तारखेचा इशारा
त्याने एकाच गाठीत बांधले होते,
एका रात्री, कंटाळून, नंतर सोडवू म्हणून.
क्रॅक करणाऱ्याने गाठच कापली.
कापणारा कोण, माहीत नाही.
गाठ मारणारा हा इथे बसला होता.

लामाराने विचारलं, यातली कुणाला दिली का मी?
वहीत ते पान नव्हतं.

रात्री निघताना तिने नव्वद लारी पुढे केले.
त्याने घेतले. मोजूनही घेतले.

घरी येऊन खालचा खण उघडला.
सत्त्याण्णव साल, वीज रात्री दोनच तास यायची,
तेव्हा बाजारात तीन लारीला घेतलेली तबकडी,
मार्करने लिहिलेलं नाव, तेही चुकीचं.
तिच्यावर तो शिकला, मेणबत्ती हाताशी ठेवून,
वीज गेली की अर्धी ओळ डोक्यात धरून.
ती अवजारं घडवणारा कोण, कुठल्या गावचा,
त्याच्याही बायकोला गोळ्या लागत होत्या का,
याने कधी विचारलं नाही.
त्याने आज पत्ता शोधला.
कंपनी तीनदा विकली गेली, मग बुडाली.
त्या जागी आता गालिचे विकतात.
नव्वदातले तीन त्याने बाजूला काढले.
मग वाटलं, आणि व्याज?
हात तसाच राहिला.

तबकडी खिडकीशी धरली.
मधल्या भोकातून खालचा रस्ता दिसत होता,
लामाराच्या दुकानातला दिवा अजून चालू,
ती शिडीवर चढून दारावर कागद चिकटवत होती:
डिसेंबरनंतर इन्सुलिन नेलेल्यांनी
कृपया परत यावं.
गेला खाली शिडी धरून उभा.